हळदबाई, हेच तुमचं आयुष्य! बाहुल्यांच्या मुलाखतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग संपला की लोक पडद्यामागे येतात. पोरं बाहुल्यांना हात लावायला आणि मोठी माणसं प्रश्न विचारायला. तेच प्रश्न इतक्यांदा झालेत की उत्तरं आता बाहुल्यांनाही पाठ असतील. शिवाय दोन प्रयोगांच्या मधे घसा राखावा लागतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी सांगलीत ब्लाउज शिवते. आमच्या पाच जणांच्या चमूत बाहुल्या शिवणं आणि हळदबाईचा आवाज, ही दोन कामं माझी.

हे नक्की काय आहे? नाटक, नकला की अजून काही?

मुलाखत. टीव्हीवर नटनट्यांच्या व्हायच्या तसलीच. सोफा, फुलदाणी, तुपात घोळवल्यासारखं बोलणारा निवेदक, मधेच भरून येणारे डोळे, सगळं साग्रसंगीत. फक्त निवेदक बाहुली आहे आणि पाहुणा म्हणून हळकुंड (तीच हळदबाई) येऊन बसतं. कधी बेदाणा, कधी मिरजेचा तंबोरा, कधी जोडीदार हरवलेली एकटी चप्पल. पाहुण्याच्या जुन्या आयुष्यातली मंडळी एकेक करून पडद्यामागून आवाज देतात, पाहुणा आवाज ओळखतो, गळाभेट होते, आणि निवेदक लाल चोपडीचं पुढचं पान उलटतो. ४५ मिनिटांत दोन मुलाखती बसतात.

ही कल्पना तुमची का?

छे. आम्ही तिसऱ्या हाताने घेतलीय, आणि ते सांगायला लाज वाटत नाही.

मूळ कार्यक्रम अमेरिकेतला, ‘धिस इज युअर लाइफ’. राल्फ एडवर्ड्स नावाच्या निवेदकाने तो १९४८ मध्ये रेडिओवर सुरू केला आणि १९५२ ते १९६१ एनबीसी वाहिनीवर चालवला. युक्ती अशी की पाहुण्याला आधी काही सांगायचंच नाही. एखाद्या नटीला काहीतरी निमित्त काढून बोलवायचं, आणि कॅमेरा चालू असताना समोर जाऊन सांगायचं की बाई, आज तुमचं आयुष्य उलगडणार. मग जाड पुस्तक उघडायचं. पडद्यामागून शाळेतल्या बाईंचा आवाज, वीस वर्षांत न भेटलेला भाऊ, जुना शेजारी. पाहुणा रडला की कार्यक्रम जिंकला.

सगळेच रडायचे असंही नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५५ साली हाच कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पहिला पाहुणा म्हणून फुटबॉलपटू स्टॅनली मॅथ्यूज ठरला होता. बातमी वर्तमानपत्रात फुटली. मग ऐन वेळी निवेदक इमन अँड्र्यूज यालाच पाहुणा करून टाकलं. पुढे १९६१ मध्ये डॅनी ब्लँचफ्लॉवर या दुसऱ्या फुटबॉलपटूने तर सरळ नकार दिला आणि चालता झाला. मला हा माणूस फार आवडतो. आमच्या नाटकातली चप्पल त्याच्यावरूनच सुचली. तिला मुलाखत द्यायचीच नसते, ती सारखी दाराकडे सरकत असते, पण एकटी असल्यामुळे चालता येत नाही.

मग यात बाहुल्या कुठून आल्या?

अमेरिकेतल्याच मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ मधून. तो कार्यक्रम १९६९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. त्यात जिम हेन्सनचा एक बाहुला होता, गाय स्मायली. चकाचक केस, रुंद हसू आणि कारण नसताना प्रचंड उत्साह. तो ‘हिअर इज युअर लाइफ’ नावाने या मुलाखतीचं विडंबन करायचा, आणि त्याचे पाहुणे असायचे पावाची लादी, ओकचं झाड, दुधाचा खोका, कॅनव्हासचा बूट.

गंमत कुठे आहे ते बघा. गाय स्मायली पावाला नुसता पाव समजत नाही. एखाद्या मोठ्या नटासमोर जेवढा गदगदून बोलेल तेवढाच तो पावासमोर गदगदतो. पोरं पावाला हसतात, मोठी माणसं निवेदकाला हसतात, आणि हसता हसता पाव कुठून येतो ते पोरांना कळून जातं. एका दगडात तीन पक्षी. माणसांनी केलेलं विडंबनही त्याआधी झालं होतं. १९५४ मध्ये सिड सीझर या विनोदी नटाने टीव्हीवर याच कार्यक्रमाची खिल्ली उडवली होती. तेही धमाल आहे, पण त्यात माणूस रडण्याचं सोंग करतो. बाहुलीला सोंग करावं लागत नाही, कारण ती मुळातच सोंग आहे. तिने खरं रडायचा प्रयत्न केला की हसू येतं, आणि दोन मिनिटांनी घशात काहीतरी अडकतं. हे का होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण दर प्रयोगाला होतं.

पण सांगलीत हे अमेरिकन कार्यक्रम पाहिलेत कुणी?

फारसे कुणी नाहीत, आणि त्याने काही अडत नाही. आपल्याकडे झी टीव्हीवर फारूक शेख यांचा ‘जीना इसी का नाम है’ लागायचा, तो याच जातीचा. कलाकार सोफ्यावर, आणि एकेक करून आई, मास्तर, मित्र आत येणार. आमच्या वयाच्या बायकांनी तो पदर डोळ्याला लावून पाहिलाय. त्याच्याही आधी दूरदर्शनवर तबस्सुम होत्या. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ ते १९९३ असा २१ वर्षं चालला. तबस्सुम यांचं ते खळखळून हसणं आणि प्रत्येक पाहुण्याला ‘आजवर असा कुणी झालाच नाही’ असं भासवणं अजून लोकांच्या कानात आहे.

तेव्हा आमच्या हसमुखरावांनी (निवेदक बाहुल्याचं नाव) चोपडी अमेरिकेची उचलली आणि लाघव दूरदर्शनचं. पहिल्याच वाक्याला चाळिशीपुढचे लोक हसतात. त्यांना ओळख पटलेली असते. पोरांना ओळख लागतच नाही.

ती लाल चोपडी कसली?

मूळ कार्यक्रमात निवेदकाच्या हातात लाल पुस्तक असतं. आम्हाला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. मार्केट यार्डातल्या अडत्याकडे लाल कापडात बांधलेली खतावणी असते, लक्ष्मीपूजनाला जिच्यावर हळदकुंकू वाहतात ती. हसमुखराव ती उघडून म्हणतात, “बाई, तुमचं सगळं इथे जमेला आहे. आणि नावेही.” सांगलीच्या प्रेक्षकाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

हळदबाईंचा प्रवेश कसा आहे? आमच्या बहिणीने पाहिलाय, आम्ही नाही.

थोडा तुकडा देते. पूर्ण देत नाही, नाहीतर तुम्ही येणार कशाला.

हसमुखराव : (चोपडी उघडत, हळव्या सुरात) बाई, जरा डोळे मिटा. जून महिना. काळीभोर जमीन. गर्द अंधार. काही आठवतंय?

हळदबाई : अंधारच आटवतोय की. नऊ म्हैनं डोस्क्यावर माती हुती. दुसरं काय दिसायचं?

हसमुखराव : आणि त्या अंधारात, बाई, एक मायेचा आवाज...

(पडद्यामागून) : पोरी, वळखलंस का?

हळदबाई : अगं बया! आई! जेठा गड्डा!

(गळाभेट. दोघींची माती हसमुखरावांच्या कोटावर सांडते. ते हसतच राहतात.)

हसमुखराव : आणि आता अशी व्यक्ती, जिने तुम्हाला पहिली ऊब दिली...

(पडद्यामागून, घोगरा आवाज) : मी कायल. तुला मांडीवर खेळवलं गं मी.

हळदबाई : खेळवलं म्हनं! उकडलंस मला, भवाने!

जेठा गड्डा म्हणजे लावणीचा मूळ कंद. त्याला बाजूने बगल गड्डे आणि हळकुंडं फुटतात. काढणी झाली की हळद शिजवतात, पूर्वी कायलीत (मोठ्या पसरट कढईत), आता बॉयलरच्या वाफेवर. मग उन्हात वाळवतात आणि पिंपात घोळवून पॉलिश करतात. पॉलिशचं पिंप हा आमच्याकडे ब्यूटी पार्लरवाला आहे. तो येऊन म्हणतो, “काय होतीस आणि काय झालीस!” मग कुणीतरी सांगतं की सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हसमुखराव टाळ्यांची वाट बघत थांबतात आणि हळदबाई विचारते, “मंग भाव वाढला का?” ही ओळ आमची नाही. एका प्रयोगात मागच्या रांगेतल्या एका शेतकरी काकांनी ओरडून विचारलं होतं. त्या दिवसापासून ती हळदबाईच्या तोंडी आहे.

ती स्टेजवर लाल होते ते कसं? बॅटरी असते का आत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

बॅटरी नाही, दिवा नाही, हातचलाखी नाही. हळदबाईच्या अंगावरचं नऊवारी (बाहुलीच्या मापाचं, दीड मीटर मांजरपाट) मी खऱ्या हळदीत रंगवते. चमचाभर हळद कोमट पाण्यात कालवायची, कापड अर्धा तास बुडवून ठेवायचं, पिळून सावलीत वाळवायचं. शेवटच्या प्रवेशात चुना येतो. पांढराफेक, उंच, लाजाळू, आणि गावातल्या जुन्या प्रेमप्रकरणाचा नायक असल्यासारखा. हसमुखराव म्हणतात, “बाई, हा आवाज ओळखा.” चुना काहीच बोलत नाही, नुसता जवळ येतो. आमच्यातला कॉलेजचा पोरगा पडद्याच्या कडेने स्प्रेच्या बाटलीतून चुन्याची निवळी मारतो, आणि सगळ्यांच्या देखत पिवळं लुगडं लालबुंद होत जातं. हळदबाई लाजली! बायका टाळ्या वाजवतात, कारण त्यांनी हे घरी शंभरदा पाहिलेलं असतं. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो ना, तेच. क्षार लागला की हळदीचा पिवळा रंग तांबडा पडतो. कुंकू पूर्वी घरी करायचे ते याच गुणावर.

निवळी म्हणजे चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवल्यावर वर जे स्वच्छ पाणी राहतं ते. डोळ्यात गेली तर झोंबते, म्हणून बाटली नेहमी खालच्या बाजूला धरायची आणि पहिली रांग सहा फूट मागे. शाळेत मुलांना करून दाखवायचं असेल तर खायच्या सोड्याचं पाणी वापरा. रंग तेवढा भडक येत नाही, पण काळजी नाही. प्रयोग झाला की लुगड्यावर लिंबू पिळायचं, पुन्हा पिवळं होतं. तीन-चार प्रयोगांनंतर मात्र रंग मळका पडतो, मग नवीन रंगवते. हळदीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे उघड्यावरच्या दुपारच्या प्रयोगाला हळदबाई नेत नाही. आयोजकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं आम्ही नखरे करतो.

बाकीचे पाहुणे?

बेदाणा तासगावचा. मुलाखतीला येतो सुरकुतलेला, आणि पडद्यामागून त्याचा जुळा भाऊ बोलतो, जो द्राक्षच राहिला आणि एक्स्पोर्टच्या कंटेनरमधून दुबईला गेला. भावाला हा ओळखूच येत नाही. इथे लोक हसता हसता एकदम गप्प होतात. ज्यांचे भाऊ खरंच दुबईला आहेत ते जास्त.

मिरजेचा तंबोरा मुलाखतभर एकच सूर लावून बसतो. कुठल्याही प्रश्नाला उत्तर तेच, “सा...” त्याची आई म्हणजे भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडची, वारकऱ्यांसारखी बोलणारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मिरजेतून या मुलाखतीला मागणी आहे. चपलेबद्दल वर लिहिलंच आहे.

खऱ्या नटाची किंवा नेत्याची बाहुली का करत नाही?

येत नाही म्हणून नाही. दोन कारणं आहेत.

एक म्हणजे चेहऱ्याची नक्कल केली की सगळं लक्ष चेहरा जमला की नाही याच्यावर जातं. ब्रिटनमध्ये ‘स्पिटिंग इमेज’ ने १९८४ पासून नेत्यांचे रबरी बाहुले नाचवले, फ्रान्समध्ये ‘ले गिन्योल’ ने तीस वर्षं तेच केलं, आपल्याकडे हिंदी वृत्तवाहिनीवर ‘गुस्ताखी माफ’ होतं. ती कामं जबरदस्त आहेत. पण तिथे रोजची ताजी बातमी लागते. नेता पडला की बाहुली पेटीत. आमचं हळकुंड पन्नास वर्षं जुनं होणार नाही.

दुसरं म्हणजे आम्हाला चिमटा माणसाला काढायचाच नाही, चिमटा काढायचाय त्या मुलाखतीच्या साच्याला. “तुमच्या संघर्षाबद्दल सांगा ना” हा प्रश्न हसमुखराव चपलेलाही विचारतात, तंबोऱ्यालाही. चप्पल म्हणते, “माजी जोडीदारीन गेली देवळाच्या पायरीवरनं, चोरानं न्हेली. यात संगर्स कुटं?” हे ऐकल्यावर पुढच्या वेळी टीव्हीवर तोच प्रश्न आला की तुम्ही फिसकन हसता. एवढंच हवंय.

एका गणेश मंडळाने एकदा स्थानिक पुढाऱ्याची बाहुली करायला सांगितली. केली. मंडळातल्या दुसऱ्या गटाला ती आवडली नाही, प्रयोग रद्द झाला आणि आगाऊ दिलेले पैसे परत मागितले. बाहुली अजून माझ्या माळ्यावर आहे. चेहरा काढून आता तिचा गूळ करणार आहे.

परवानगी लागते का? कायद्याचं काय?

मी वकील नाही, पण एवढं शिकावं लागलं. रंगमंचावर तिकीट लावून करायचं तर संहिता महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं. हळदबाईच्या तोंडची ‘भवाने’ राहील का, अशी धाकधूक होती. राहिली.

विडंबनाबाबत आपला कॉपीराइट कायदा, १९५७ सालचा, थोडा गुळमुळीत आहे. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे, पण विडंबन हा शब्द त्यात नाही. एक पक्कं, नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. म्हणून साचा घ्या, पण मूळ कार्यक्रमाचं शीर्षकगीत किंवा संवाद जसेच्या तसे वापरू नका. आम्ही सुरुवातीचं संगीत डफ आणि तुणतुण्यावर केलंय. प्रसिद्ध माणसाचा हुबेहूब आवाज काढणं तर आता आणखी जपून. अमिताभ बच्चन (२०२२) आणि अनिल कपूर (२०२३) यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने नाव, चेहरा, आवाज यांच्या वापराबद्दल आदेश दिलेत. हळदीचा आवाज मात्र कुणी पेटंट केलेला नाही.

तुम्ही पोटातून बोलता का?

पोटातून कुणीच बोलत नाही, ओठ न हलवता बोलतात. त्याला शब्दभ्रम म्हणतात. यशवंत पाध्यांचा अर्धवटराव आणि पुढे रामदास पाध्यांनी गाजवलेल्या बोलक्या बाहुल्या त्या प्रकारच्या. आम्ही पडद्याआड असतो, ओठ कितीही हलले तरी कोण बघतंय!

मी एकदा शब्दभ्रम शिकायला बसले होते, आरशासमोर, महिनाभर. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं आहेत, आणि तिथेच गाडी अडते. प च्या जागी त, ब च्या जागी ड, म च्या जागी न असं जिभेने भागवायचं, आणि ऐकणाऱ्याचा कान बाकीचं भरून काढतो असं म्हणतात. माझी बाहुली दिवसभर “डाडा, ढडंग आणा” म्हणत राहिली. बाबा, भडंग आणा, असं म्हणायचं होतं. घरच्यांनी हात जोडले.

कळसूत्री का नाही? सांगली तर...

‘सांगली तर’ नंतर काय येतं ते मला माहीत आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, आणि तिथून मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्यामुळेच. पण याच भाव्यांनी लाकडाच्या, सांधे हलणाऱ्या बाहुल्याही केल्या होत्या हे इथल्या इथे कितीजणांना माहीत असतं? रामदास पाध्यांनी पुढे त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. नाट्यमंदिराला भाव्यांचं नाव आहे, त्यावरून रोज रिक्षा जातात, आणि बाहुल्यांची आठवण कुणालाच नाही. असो.

कळसूत्रीचा मान मोठाच. ज्ञानेश्वरीत बाहुलीला ‘सायखडे’ म्हटलंय. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी कळसूत्री आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) टिकवून धरली, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण दोऱ्याची बाहुली नाचते छान, बसून बोलत नाही. मुलाखतीत जबडा महत्त्वाचा. म्हणून आमच्या बाहुल्या हातमोज्याच्या, तोंड उघडणाऱ्या.

त्या करतात कशा? मी घरी केली तर?

करा की. गादीवाल्याकडून एक इंची फोम आणा. डोक्याचा आकार दोन पाकळ्यांत कापून रबराच्या सोल्यूशनने चिकटवा (फेव्हिकॉलने फोम कडक होतो). तोंडाच्या आत दुहेरी बकरम (कॉलरमधलं ताठ कापड) घाला, नाहीतर अंगठ्याने खालचा जबडा दाबला की गाल चुरगळतात. वर होजिअरीचं कापड ताणून शिवा. साधं सुती ताणलं जात नाही आणि टिपा दिसतात. हळदबाईच्या अंगाला मी जुन्या स्वेटरची लोकर उसवून चिकटवलीय, हळकुंडाच्या मुळ्या दिसाव्यात म्हणून. डोळे शेवटी लावा, आणि किंचित तिरळे लावा. दोन्ही बुबुळं अगदी मधोमध लावली की बाहुली कुठेच बघत नाही, भूत वाटते.

बोलवताना नवखे लोक करतात ती चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला तोंड मिटणं. शब्द तोंड उघडताना बाहेर पडायला हवा. अंगठा खाली, चार बोटं वर स्थिर. उलटं झालं तर बाहुली बोलत नाही, माश्या खाते.

बाहुली रडते कशी?

काहीच न करता. मान थोडी खाली, आणि तिथेच थांबायचं. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांना, म्हणजे हसमुखरावांना, हे शिकायला वर्ष लागलं. त्यांना थांबवत नाही, लगेच पुढचं वाक्य येतं. आता मी पडद्यामागे त्यांच्या पायावर पाय ठेवते. पाय उचलला की बोलायचं.

आवाज आधी रेकॉर्ड करून का लावत नाही?

मग मागच्या रांगेतल्या काकांची ओळ कशी मिळाली असती?

मोठी फजिती कधी झाली?

एका शाळेत हसमुखरावांचं मुंडकं प्रयोगात निखळलं. पावसाळ्याची हवा, सोल्यूशन सुटलं. धड सोफ्यावर, डोकं पहिल्या रांगेत. पोरं किंचाळायच्या आत हळदबाई म्हणाली, “बगा, अंगात आलं की सायबांच्या!” डोकं उचलून आणलेल्या तिसरीतल्या मुलीला हसमुखरावांनी (नुसत्या धडाने) वाकून नमस्कार केला. नंतर तीन पालकांनी विचारलं की हे दरवेळी करता का.

हरिपूरच्या पेवांवरचा प्रवेश आता का करत नाही?

तो २०१९ च्या पुरात गेला. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथे धोक्याची पातळी ४५ आहे. आमची पत्र्याची ट्रंक तळमजल्यावर होती. फोम पाणी पितो, फुगतो आणि आतून कुजतो. सुकवून वास जात नाही. नऊ बाहुल्या टाकल्या.

त्यात पेव होतं, हळदबाईची आजी. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार, तोंड अरुंद, आत ऐसपैस. वर्षानुवर्षं हळद किडीशिवाय राहायची. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, आत कोंदलेली हवा असते, आधी कंदील सोडून बघतात. आमची आजी म्हणायची, “माज्याकडं यायचं तर आदी दिवा धाडा.” २००५ च्या पुरात हरिपूरची खूप पेवं पाणी शिरून निकामी झाली, आणि आमचं पेव २०१९ ला. आजी पुन्हा शिवायला घेतली होती. शिवताना तोच चेहरा येईना, म्हणून ठेवून दिली.

प्रयोगाला किती घेता?

टेम्पोचं भाडं, पाच माणसांचं जेवण आणि ठरेल ती बिदागी. शाळा म्हणाली पैसे नाहीत, तर मुलांकडून प्रत्येकी एक लिंबू चालतं. लुगडं धुवायला लागतातच.

पुढचा पाहुणा कोण?

आयर्विन पूल. १९२९ चा, म्हणजे सगळ्या पाहुण्यांत थोरला. अडचण अशी की पूल सोफ्यावर बसत नाही, म्हणून सोफाच पुलावर ठेवलाय. बैलगाडी येऊन गेली, एसटी येऊन गेली, सायकलवरून कॉलेजला जाणारी एक जोडी येऊन गेली. कृष्णामाईचा आवाज कोण देणार यावर मात्र महिनाभर भांडण चाललं होतं. माझ्या सासूबाईंनी ते मिटवलं. त्या म्हणाल्या, तिला बोलवू नका, नुसती वाहू द्या. आता सुपात तांदूळ घेऊन हळूहळू फिरवतो, पाणी वाहिल्यासारखं वाजतं. जाड तांदूळ चांगला वाजतो. बारीक आणला तर नुसती सळसळ येते, झाडासारखी.